शेजारच्या खोलीतले शब्द : चिठ्ठी वाचणारा कोण?



या सदराच्या जुन्या वाचकांना त्याचा नियम ठाऊक आहे. शेजारच्या खोलीत, बंद दाराआड मीटिंग चालू असते तेव्हा जे शब्द आपल्या कानावर पडतात, त्यातला एक दरवर्षी उचलायचा आणि ओट्यावर आणून निवडायचा, पालेभाजी निवडतात तसा. आपल्या मंडळातल्या कितीतरी घरांची चूल सॉफ्टवेअरवर पेटते. पण त्या घरातल्या आजी-आजोबांना, आणि पुष्कळदा घरातल्या दुसऱ्या माणसालाही, "तो कंप्युटरमध्ये आहे" किंवा "तिचं काहीतरी जावाचं काम असतं" यापलीकडे सांगता येत नाही. मी मराठीची एम.ए. इथे येण्यापूर्वी नाशिकला आठवी-नववीला शिकवत होते. जे फळ्यावर मांडता येत नाही ते आपल्याला नीट कळलेलं नाही, ही तेव्हाची समजूत अजून सुटलेली नाही. म्हणून हा खटाटोप.

यंदाचं वाक्य आहे : "नावं लिहीत बसू नकोस, कस्टम अ‍ॅनोटेशनवरून बीन्स शोधून काढ." नवरा हे कुणाला तरी सांगत होता. सासूबाई तेव्हा इथे आल्या होत्या. त्यांनी शांतपणे विचारलं, "ऑफिसात हे फरसबी निवडतात का गं?"

फरसबी नव्हे, पण बी खरंच आहे. जावा ही प्रोग्रॅमिंगची भाषा, तिचं नाव कॉफीवरून पडलं. मग त्या भाषेतल्या वस्तूंना कॉफीच्या बिया म्हणण्याची गंमत कुणीतरी केली आणि ती रूढ झाली. तेव्हा बीन म्हणजे प्रोग्रॅममधला एक कामकरी घटक : एक हिशेब करणारा, एक ईमेल पाठवणारा, एक पासवर्ड तपासणारा. मोठ्या कंपनीच्या प्रोग्रॅममध्ये असे शेकडो घटक असतात. त्या गर्दीतून हवे ते नेमके घटक कसे शोधायचे, एवढाच नवऱ्याच्या वाक्याचा विषय. पण त्याच्या पोटात एक प्रश्न आहे, आणि तो फक्त कंप्युटरचा नाही. ज्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत, ते सगळे कसे गोळा करायचे? आणि त्यातलं एखादं सुटलं, तर सुटलं हे कळणार कसं?

आधी ‘डिपेंडन्सी इंजेक्शन’ उरकून घेऊ. नाव ऐकून दवाखाना आठवतो, पण प्रकार लग्नघरातला आहे. लग्नाचा आचारी स्वतः वाण्याकडे जात नाही. तो यादी देतो : इतकी डाळ, इतकं तूप, इतका गूळ. सामान आणून कोठीच्या खोलीत ठेवलेलं असतं आणि कोठीवर एखादी खमकी काकू बसलेली असते. आचाऱ्याने "तूप" म्हटलं की तूप त्याच्या हातात. ते कुठल्या दुकानातून आलं, कुणी आणलं, डबा कितीचा होता, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. उद्या तूप दुसऱ्या डेअरीचं आलं तरी त्याची कृती बदलत नाही.

प्रोग्रॅममध्येही अगदी असंच करतात. प्रत्येक घटकाला कामासाठी दुसरे घटक लागतात, त्या त्याच्या डिपेंडन्सी. त्या त्याने स्वतः तयार करायच्या नाहीत, बाहेरून कुणीतरी त्याच्या हातात द्यायच्या. हे देणं म्हणजे इंजेक्शन, आणि देणारी काकू म्हणजे कंटेनर. मार्टिन फाउलर यांनी जानेवारी २००४ मध्ये एक लेख लिहिला, तिथपासून हे नाव सगळीकडे रुळलं. यामागच्या तत्त्वाला ही मंडळी ‘हॉलिवूडचं तत्त्व’ म्हणतात : तुम्ही आम्हाला फोन करू नका, गरज पडली की आम्हीच करू.

जावामधली सर्वांत प्रसिद्ध काकू म्हणजे स्प्रिंग. रॉड जॉन्सन या ऑस्ट्रेलियन गृहस्थांनी २००२ साली एक जाडजूड पुस्तक लिहिलं, त्यात दिलेल्या प्रोग्रॅममधून ती जन्माला आली. तिची पहिली पूर्ण आवृत्ती मार्च २००४ ची. त्याआधीची पद्धत फार जड आणि किचकट होती. त्या ‘हिवाळ्या’नंतरची नवी सुरुवात म्हणून नाव स्प्रिंग, म्हणजे वसंत. सहा महिने बर्फ उपसणाऱ्या आपल्यासारख्यांना ते नाव समजावून सांगायला नको. आणि कलाशाखेच्या माझ्यासारख्यांसाठी मुद्दाम सांगते : या जॉन्सनसाहेबांची पीएच.डी. कंप्युटरची नाही, संगीतशास्त्राची आहे.

आता काकूला नेमकं मागायचं कसं? रीती तीन.

पहिली, नावाने : "निळ्या झाकणाचा मोठा डबा द्या." अचूक आहे, पण प्रत्येक डब्याचं नाव पाठ असायला हवं. दुसरी, जातीने : "तेल द्या, कुठलंही चालेल." हेही बरं, पण कोठीत दोन तेलं असली तर काकू अडते आणि "कुठलं?" म्हणून विचारते. स्प्रिंगही अशा वेळी अडतं आणि सुरू होतानाच तक्रार करतं. तिसरी रीत चिठ्ठीने : "ज्या ज्या डब्यावर ‘उपासाचं’ असं लिहिलंय ते सगळे द्या." इथे नावं पाठ नकोत, जातही एक नको. साबुदाणा, वरी, राजगिरा, रताळी, सैंधव यांची जात कुठे एक आहे? त्यांना एकत्र आणते ती फक्त चिठ्ठी.

या चिठ्ठीलाच अ‍ॅनोटेशन म्हणतात. काही चिठ्ठ्या स्प्रिंगबरोबर तयार मिळतात. आपल्या कामापुरती आपण स्वतः बनवली तर ती ‘कस्टम’, म्हणजे घरची. घटकाच्या डोक्यावर @ हे चिन्ह काढून पुढे चिठ्ठीचं नाव लिहायचं, बस्स. जावामध्ये नावं देवनागरीतही देता येतात, त्यामुळे ‘@उपासाचं’ अशी चिठ्ठी खरोखर चालेल. ऑफिसात कुणी तसं लिहीत नाही, एवढंच. चिठ्ठीवर जास्तीची माहितीही भरता येते, जसं की क्रमांक, वजन, कुणासाठी. आणि एका चिठ्ठीवर दुसरी चिठ्ठीही लावता येते. ‘@उपासाचं’ या चिठ्ठीवरच ‘@कोठीत ठेवा’ अशी खूण केली, की ज्यावर पहिली लागली त्यावर दुसरी आपोआप लागली असं स्प्रिंग धरून चालतं.

मराठीच्या माणसाला हे नवीन वाटायला नको. "रामाने रावणाला मारलं" हे वाक्य घ्या आणि शब्द हवे तसे फिरवा. "रावणाला मारलं रामाने." मारणारा तोच, मरणारा तोच. कारण कोण काय करतोय याची खूण वाक्यातल्या जागेवर नाही, शब्दाच्याच अंगावर आहे : एकाला ‘ने’, दुसऱ्याला ‘ला’. इंग्रजीत मात्र राम आणि रावण यांच्या जागा बदला, रामायणच उलटं होतं. तिथे भूमिका जागेवरून ठरते. आपली पोरं मराठी बोलताना "राम रावण मारला" म्हणतात तेव्हा ती चिठ्ठी काढून टाकतात आणि जागेवर विसंबतात. मंडळाच्या मराठी शाळेत शिकवणाऱ्यांना हा अनुभव रोजचा आहे.

स्प्रिंगही एके काळी इंग्रजी वळणाचं होतं, असं मी गमतीने म्हणते. सुरुवातीला सगळ्या घटकांची एक मध्यवर्ती यादी वेगळ्या फाइलमध्ये लिहावी लागे. नवा घटक बनवला की यादीत नवी ओळ. यादी वाढत वाढत हजारो ओळींची व्हायची. दोघांनी एकाच दिवशी ती बदलली की भांडण. २००४ च्या सप्टेंबरमध्ये जावाची पाचवी आवृत्ती आली आणि तिच्यातून चिठ्ठ्या लावण्याची सोय भाषेतच मिळाली. नोव्हेंबर २००७ मध्ये आलेल्या स्प्रिंग २.५ मध्ये ‘कॉम्पोनंट स्कॅन’ आलं : काकूने स्वतः कोठीत फिरायचं, चिठ्ठ्या वाचायच्या आणि आपली यादी आपणच करायची. मध्यवर्ती वहीला हात न लावता नवा घटक आला, चिठ्ठी लावून उभा राहिला, की तो सापडणार. ज्याने शोधणारा भाग लिहिला त्याला या नव्या घटकाचं नाव कधीच कळलं नाही तरी चालतं. नवऱ्याच्या "नावं लिहीत बसू नकोस"चा अर्थ हा.

इथपर्यंत सगळं छान आहे. आता लग्नघरातून आपल्या मंडळाच्या दिवाळी पॉटलककडे येऊ, कारण चिठ्ठी जिथे जिवाशी येते ती जागा ही आहे.

आपल्यातल्या काही मुलांना शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे. भारतातल्या वाचकांना हे नवलाचं वाटेल, पण इथे शाळेत जाणाऱ्या मुलांच्या आयांना ते नवं नाही. काही मुलांना एक घासही महागात पडतो, दप्तरात औषधाचं पेन ठेवावं लागतं. आणि आपला मराठी स्वयंपाक! दाण्याचं कूट कशात नाही? साबुदाण्याच्या खिचडीत आहे हे सगळ्यांना माहीत. पण भरल्या वांग्यात, काकडीच्या कोशिंबिरीत, अळूच्या फदफद्यात, लसणाच्या चटणीत, चिवड्यात? नावावरून शोधायला गेलं तर यादी संपत नाही, आणि शेजारच्या टेबलावर दुसऱ्या प्रांताची मंडळी असतील तर नावंच माहीत नसतात. म्हणून पदार्थावर चिठ्ठी लावायची : ‘शेंगदाणे आहेत’. वाढणाऱ्या स्वयंसेवकाने फक्त चिठ्ठी बघायची. पदार्थाचं नाव, करणारीचं नाव, गाव, काही माहीत नसलं तरी चालेल.

ही चिठ्ठी म्हणजेच कस्टम अ‍ॅनोटेशन आणि स्वयंसेवक म्हणजे शोधणारा. आता ती कुठे कुठे दगा देते ते बघू. जे टेबलावर होतं तेच प्रोग्रॅममध्ये होतं.

पहिलं ठिकाण : चिठ्ठी लावली कशावर? समजा, तुम्ही ‘शेंगदाणे घातले’ हे घरच्या पाककृतीच्या वहीत लिहिलंत. वही घरीच राहिली, हॉलवर कुणाला काय कळणार? समजा, झाकणावर लिहिलंत. पदार्थ हॉलपर्यंत चिठ्ठीसकट आला, पण वाढायच्या वेळी झाकण काढून खाली ठेवलं. वाढणाऱ्याला दिसतं ते उघडं भांडं. भांड्याच्याच अंगावर लिहिलं असेल तरच ती ऐन वाढायच्या वेळी वाचता येते. जावामध्ये चिठ्ठी बनवताना तिचं आयुष्य ठरवावं लागतं, त्याला ‘रिटेन्शन’ म्हणतात, आणि त्याचे प्रकार मोजून हेच तीन : वहीपुरती, झाकणापर्यंत, आणि वाढेपर्यंत. गंमत अशी, की तुम्ही काहीच सांगितलं नाहीत तर जावा मधला प्रकार धरतं, म्हणजे झाकणापर्यंतचा. चिठ्ठी लिहिलेली डोळ्यांना दिसते, प्रोग्रॅम बिनतक्रार तयार होतो, आणि चालू झाल्यावर चिठ्ठी नाहीच!

दुसरं ठिकाण : शोधणारा कुठवर फिरतो? स्वयंसेवकाला सांगितलंय की हॉलमधली टेबलं बघ. बाहेरच्या व्हरांड्यात उशिरा आलेल्यांनी ठेवलेली भांडी त्याच्या फेरीत येत नाहीत, मग त्यांच्यावर कितीही ठळक अक्षरात लिहिलेलं असो. स्प्रिंग बूट हे स्प्रिंगचं हल्लीचं सोपं रूप. ते आपण होऊन, मुख्य प्रोग्रॅम ज्या कप्प्यात आहे तो कप्पा आणि त्याच्या आतले कप्पे, एवढंच बघतं. शेजारच्या कप्प्यात चिठ्ठी लावून बसलेला घटक त्याच्या लेखी नाहीच.

तिसरं ठिकाण : भांडं बदललं तर? गरम राहावं म्हणून भाजी मोठ्या पातेल्यातून हॉलच्या अ‍ॅल्युमिनियमच्या ट्रेमध्ये ओतली. चिठ्ठी पातेल्यावर राहिली, ट्रे कोरा. स्प्रिंगलाही असं ओतायची सवय आहे. काही घटकांभोवती ते एक वेष्टन घालतं, त्याला ‘प्रॉक्सी’ म्हणतात. पैशांचे व्यवहार पूर्ण झाले की नाही, कुणाला परवानगी आहे की नाही, हे बघायला ते वेष्टन उपयोगी पडतं. पण आपण थेट वेष्टनाला विचारलं, "तुझ्यावर चिठ्ठी आहे का?" तर ते म्हणतं, नाही. खरंच नाही, चिठ्ठी आतल्यावर आहे. म्हणून शोधायचं काम स्प्रिंगच्या स्वतःच्या शोधयंत्रणेकडे सोपवायचं. तिला आत डोकावायचं कसं हे ठाऊक असतं.

या तिन्ही ठिकाणी एक गोष्ट समान आहे. कुणी ओरडत नाही. नावाने मागितलेला डबा नसला तर काकू म्हणते, "असा डबा नाही." जातीने मागितलं आणि तसं काहीच नसलं, तर एरवी तीही तक्रार करते. पण "चिठ्ठीवाले सगळे द्या" म्हटलं आणि एकही सापडला नाही, तर ती रिकामा ट्रे पुढे करते. तिच्या दृष्टीने उत्तर बरोबर आहे : सगळे म्हणजे शून्य. स्प्रिंगला चिठ्ठीवरून घटक विचारले आणि एकही नसला, तर तेही रिकामी यादी देतं. चूक म्हणून नाही, उत्तर म्हणून.

याची किंमत काय असते, ते आपल्या मंडळातल्याच एका मैत्रिणीकडून ऐकलं. तिच्या परवानगीने सांगते, नाव सांगत नाही. मुलं लहान म्हणून ती सात वर्षं घरी होती. मग रात्री रात्री बसून कोर्स केला आणि एका विमा कंपनीच्या कामावर लागली. तिथे लोकांचे दावे येतात. प्रत्येक दावा मंजूर होण्याआधी चौदा तपासण्यांतून जातो : कागद पूर्ण आहेत का, तारीख मुदतीत आहे का, हाच दावा आधी दिला गेलाय का, वगैरे. पूर्वी या चौदा तपासण्या नावाने लिहिलेल्या होत्या. कुणा अनुभवी माणसाने पद्धत बदलली : प्रत्येक तपासणीवर एक घरची चिठ्ठी लावली आणि चालवणाऱ्या भागाला सांगितलं, चिठ्ठीवाल्या सगळ्या गोळा कर आणि चालव. कल्पना उत्तमच होती.

चाचणीसाठी वेगळा ठेवलेला प्रोग्रॅम झरझर चालला. दावे पूर्वीपेक्षा किती तरी वेगाने मंजूर होऊ लागले. मीटिंगमध्ये सगळे खूश. नवीन लागलेली ही एकटी, सात वर्षांच्या खंडाचं ओझं मनावर घेऊन बसलेली. तिने बिचकतच विचारलं, "आत्ता तपासण्या किती चालल्या?" आकडा कुणाकडेच नव्हता. कुणी मोजलाच नव्हता. तिने एक ओळ लिहिली, सापडलेल्या तपासण्यांची संख्या छापणारी. छापून आलं : शून्य.

हरकत घेणारं कुणी नाही, म्हणून दावा मंजूर. वेग वाढला होता तो याच्यामुळे.

शोधल्यावर सापडलं की चिठ्ठी बनवताना आयुष्याची ओळ लिहायची राहिली होती. झाकणापर्यंतचीच चिठ्ठी. ती ओळ घातली, संख्या झाली अकरा. आता कुणी म्हणालं, "झालं की." ती म्हणाली, "यादी चौदाची होती." उरलेल्या तीन शेजारच्या कप्प्यात होत्या, शोधणाऱ्याच्या फेरीबाहेर. फेरी वाढवली, चौदा झाल्या. हे सगळं चाचणीतच निस्तरलं म्हणून बरं. खरे दावे त्यातून गेले नाहीत. पुढे गेले असते तर लोकांचे पैसे होते, आणि बोट कुणाकडे वळलं असतं याचा अंदाज आपल्याला आहे. सर्वांत नवीन माणसाकडे.

तिने मला हे सांगताना एक वाक्य म्हटलं, ते माझ्यातल्या शिक्षिकेला फार आवडलं : "मी काही वेगळं केलं नाही गं, हजेरी घेतली." सहलीला गेल्यावर बसमध्ये चढताना आपण "सगळे आले का?" असं विचारत नाही. त्याला सगळी पोरं एका सुरात "हो" म्हणतात, आणि जो मागे राहिलाय तो "नाही" म्हणायला तिथे नसतो. डोकी मोजावी लागतात.

मग चिठ्ठ्यांची पद्धतच वाईट का? काही जाणकार तसं म्हणतात. गूगलमधून २००७ मध्ये बाहेर पडलेली ‘ज्यूस’ नावाची दुसरी काकू आहे. ती चिठ्ठ्या वापरते, दोन सारख्या वस्तूंतली कुठली द्यायची हे ओळखायलाही. सगळ्या कोठीत फिरून आपण होऊन गोळा करणं हा तिचा बाणा नाही. कशाच्या जागी काय द्यायचं ते उघडपणे लिहून ठेवायचं, हा तिचा आग्रह. त्याचा फायदा खरा आहे : एक वही उघडली की महत्त्वाचं सगळं समोर. चिठ्ठ्यांच्या राज्यात "एकूण कोण कोण आहे?" या प्रश्नाचं उत्तर एका जागी नसतं, प्रत्येक डबा पाहावा लागतो. उलट वहीच्या राज्यात प्रत्येक नव्या माणसाला वही सांभाळणाऱ्याच्या दाराशी जावं लागतं आणि तो विसरला तर आपण नाहीच. दोन्हीकडे काहीतरी द्यावं लागतं. वही घेतली तर ती राखायचे कष्ट, चिठ्ठी घेतली तर मोजायचे.

मोजायची एक युक्ती मात्र अशी आहे, जी दोन्हीकडे लागू पडते. पॉटलकला फक्त ‘शेंगदाणे आहेत’ अशी चिठ्ठी ठेवली, तर कोऱ्या भांड्याचे दोन अर्थ होतात : एक, दाणे नाहीत, दोन, लिहायचं राहिलं. बाहेरून दोन्ही भांडी सारखीच दिसतात. म्हणून दोन रंगांच्या चिठ्ठ्या कराव्यात. लाल : आहेत. हिरवी : नाहीत. आणि नियम असा, की चिठ्ठीशिवाय भांडं टेबलावर जाणारच नाही. आता कोरं भांडं आपोआप उठून दिसतं. पहिल्या पद्धतीत ते मुकाट्याने ‘सुरक्षित’ ठरत होतं, दुसऱ्या पद्धतीत ते अडकतं.

मैत्रिणीच्या चमूने शेवटी हेच केलं. दोन रीतींनी मोजायचं ठरवलं. जातीने विचारायचं : ‘तपासणी’ या जातीचे घटक किती? चिठ्ठीने विचारायचं : चिठ्ठी लावलेले किती? दोन आकडे जुळले नाहीत तर प्रोग्रॅम सुरूच होऊ द्यायचा नाही. आणि शून्य असेल तर मुळीच नाही, कारण शून्य आणि शून्य जुळतातच! शिवाय सुरू होताना सापडलेल्या सगळ्यांची नावं एका कागदावर छापायची, म्हणजे माणसाच्या डोळ्याखालून एकदा तरी यादी जाते. नावं लिहीत बसायचं नाही, पण वाचायची मात्र जरूर.

इथल्या कायद्याचंही थोडं असंच आहे. २००४ च्या कायद्याने पाकीटबंद खाण्यावर आठ मोठ्या अ‍ॅलर्जीकारक गोष्टींचा उल्लेख सक्तीचा झाला, शेंगदाणे त्यातलेच. नववे आले तीळ, १ जानेवारी २०२३ पासून. आपल्या तिळगुळाचे, तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरीचे तीळ! हा कायदा पाकिटांचा आहे, घरच्या डब्यांचा नाही. आपल्या डब्यावर कुणी सक्ती करणार नाही, म्हणून ती आपणच करायची. यंदा लाल चिठ्ठीवर ‘दाणे’ आणि ‘तीळ’ दोन्ही छापावेत अशी माझी स्वयंपाक समितीला या पानावरून विनंती.

भारतातल्या वाचकांना आता आपला मुलगा किंवा सून काय करते ते थोडं तरी सांगता येईल. "कंप्युटरमध्ये आहे" म्हणू नका. म्हणा, "कोठी सांभाळते. चिठ्ठ्या वाचते. हजेरी घेते." आणि इथल्या मंडळींनी शेजारच्या खोलीचं दार वाजवून एवढंच विचारावं : "तुमच्या प्रोग्रॅममध्ये चिठ्ठीवरून शोधल्यावर शून्य सापडले, तर ओरडतं कोण?" उत्तर चटकन आलं तर चहा द्या. थोडा वेळ शांतता पसरली तरी चहा द्याच, पण तो खोलीत नेऊन, कारण आजचं काम जरा लांबणार आहे.

दिवाळीच्या सर्वांना शुभेच्छा. चिवड्यात दाणे घाला, भरपूर घाला. फक्त डब्यावर लिहा, झाकणावर नको.